कंट्रोल फ्लो ग्राफ

कंट्रोल फ्लो ग्राफ (सीएफजी) म्हणजे प्रोग्राम चालताना कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा नकाशा. आधी फंक्शनचे बेसिक ब्लॉक पाडायचे, म्हणजे एकदा आत शिरलं की मधे फाटा न फुटता सलग चालणाऱ्या ओळी, आणि मग एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जिथे जिथे उडी जाऊ शकते तिथे बाण काढायचे. आयबीएमच्या फ्रान्सिस अ‍ॅलन यांनी १९७० च्या पेपरात ही पद्धत नीट मांडली, त्यांना पुढे २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) हा ग्राफ लागतोच, पण चुका पकडायला तो किती कामाचा आहे हे अ‍ॅपलच्या २०१४ च्या 'गोटू फेल' बगवरून कळतं. आयफोन आणि मॅकच्या एसएसएल (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) कोडमध्ये सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनात एका इफखाली (म्हणजे अटीखाली) 'गोटू फेल', म्हणजे 'फेल' नावाच्या जागी उडी मार, ही ओळ चुकून दोनदा आली होती, कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ इफच्या बाहेर पडली आणि प्रत्येक वेळी चालायला लागली. एरर व्हेरिएबलमध्ये तेव्हा शून्य असायचं, म्हणजे सही न तपासताच 'सगळं ठीक' असं उत्तर परत जायचं. इंडेंटेशन सरळ असल्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्याला काही खटकत नाही, पण ग्राफ काढला की खालच्या तपासणीच्या ब्लॉककडे एकही बाण येत नाही हे लगेच दिसतं. क्लँग या कंपायलरमध्ये अशा कधीच न चालणाऱ्या कोडसाठी वॉर्निंग होती पण ती '-वॉल' (नेहमीच्या वॉर्निंग एकत्र चालू करणारा पर्याय) मध्ये येत नाही, वेगळी चालू करावी लागते, आणि ती करावीच.

व्हॅल्यू न देता वापरलेलं व्हेरिएबल शोधतानाही हेच, म्हणजे असाइनमेंट चुकवून वापरापर्यंत पोचणारी एखादी वाट आहे का ते बघायचं. मात्र तीच अट दोन इफमध्ये असेल तर ग्राफवर चार वाटा दिसतात आणि खऱ्या दोनच असतात, त्यातूनच टूलचे खोटे अलार्म येतात.

थॉमस मॅककेब यांचं १९७६ चं सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचं, म्हणजे कोड किती गुंतागुंतीचा आहे त्याचं माप (एका फंक्शनसाठी बाण वजा ब्लॉक अधिक २) याच ग्राफवरून निघतं. घिड्रासारखी टूल्स तर सोर्स हातात नसताना बायनरीवरूनच (तयार मशीन कोडवरूनच) ग्राफ उभा करतात, आणि तिथे उडीचा पत्ता रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यातून) येत असेल तर बाण कुठे जातो हे ठरवणं खरंच अवघड होतं.