ऐकण्याची वीज येते कुठून?

शरीरातल्या बहुतेक पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर कमी. म्हणून वाट मोकळी झाली की ते बाहेर पडतं. कानातल्या केशपेशीच्या, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशीच्या, माथ्यावर मात्र उलटं घडतं. दार उघडतं आणि पोटॅशियमचे आयन, म्हणजे धनभारित कण, आत घुसतात.

ही पेशी कॉक्लिया नावाच्या, शंखासारख्या सुमारे अडीच वेढ्यांच्या नळीत, दोन द्रवांच्या सीमेवर उभी असते. माथ्यावर एंडोलिम्फ, त्यात लिटरला सुमारे 150 मिलिमोल पोटॅशियम. बुडाशी पेरिलिम्फ, त्यात जेमतेम 5. शिवाय एंडोलिम्फ सुमारे अधिक 80 मिलिव्होल्टवर, तर पेशीचा आतला भाग साधारण उणे 50 वर.

आवाजाच्या कंपनाने पेशीवरच्या केसांचा झुपका कलतो. केसांच्या टोकांना जोडणारे बारीक धागे ताणले जातात, दारं उघडतात आणि विजेच्या ओढीने पोटॅशियम आत येतं. त्याने पेशी चेतते, कॅल्शियम आत घेते, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडते आणि संदेश चेतातंतूवर चढतो. मग पोटॅशियम बुडाकडून बाहेर पडतं, कारण तिथल्या द्रवात ते कमी असतं. येतानाही उतार, जातानाही उतार. या ये-जा साठी केशपेशीला पंप चालवावा लागत नाही.

चढाचं काम दुसरीकडे होतं. नळीच्या बाजूच्या भिंतीत स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस हा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला पट्टा आहे. तिथले पंप अखंड ऊर्जा खर्चून पोटॅशियम पुन्हा एंडोलिम्फमध्ये भरतात. कौतुक केशपेशींचं होतं. माझ्या मते राबते ती ही भिंत. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध मूत्रपिंडात ज्या वाहक प्रथिनाला अडवतं, त्याचं भावंड या भिंतीत आहे. म्हणूनच मोठा डोस शिरेतून घाईने दिला तर कान वाजू लागतात, ऐकू कमी येतं, बहुधा तात्पुरतंच.

भिंतीतून पोटॅशियम ज्या वाहिनीने एंडोलिम्फमध्ये उतरतं, तीच हृदयाच्या स्नायूतही असते. 1957 साली येरवेल आणि लांगे-निल्सन या डॉक्टरांनी नॉर्वेतल्या एका कुटुंबाची नोंद केली: चार मुलं जन्मतः बहिरी, त्यातली तीन अचानक दगावलेली. बहिरेपण आणि हृदयाचा घात, दोन्हींमागे या वाहिनीतलाच दोष आहे, हे कितीतरी वर्षांनी उलगडलं. जन्मतः बहिरं मूल धावताना किंवा घाबरून बेशुद्ध पडलं, तर त्याचा ईसीजी काढायलाच हवा.