मानवी कल्याणाचे मापन (खान्देश)

मानवी कल्याणाचे मापन : माणसे किती बरी जगतात हे आजमावून सरकारी पैसा व योजना कुठे न्यायच्या, हे ठरवण्याची पद्धत. दरडोई उत्पन्न हे तिचे जुने, सोयीचे माप. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक मांडला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण आले. यामागे अमर्त्य सेन यांचा विचार होता. भूतानने आनंदच मोजायला घेतला, पण आपल्याकडे जिल्हा नियोजन चालते ते वंचिततेच्या कोष्टकांवर.

खान्देशात या कोष्टकांची खरी परीक्षा होते. नीती आयोगाने २०२१ मध्ये २०१५-१६ च्या आरोग्य पाहणीवरून काढलेल्या बहुआयामी गरिबीत (आरोग्य, शिक्षण व राहणीमान या तिन्हींतली वंचितता एकत्र मोजणारे माप) नंदुरबारचे सुमारे ५२ टक्के लोक मोडले, धुळ्याचे ३३ टक्के. राज्याचे प्रमाण होते १५ टक्क्यांच्या आसपास. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला नसता, तर हे ५२ टक्के धुळ्याच्या सरासरीत मुरून गेले असते. आजही शहादा तालुक्यातली तापीकाठची बागायत आणि अक्राणीचे डोंगरातले पाडे एकाच जिल्ह्याच्या आकड्यात बसतात. म्हणून तालुका हे एकक धरणारा राज्याचा मानव विकास कार्यक्रम अधिक शहाणपणाचा म्हणावा लागतो.

निर्देशकांना दिलेला भार हा खरा वादाचा भाग. नीती आयोगाच्या मापनात बारा निर्देशक आहेत. पोषणाला एक षष्ठांश भार. पिण्याच्या पाण्याला मात्र एकविसावा हिस्सा, कारण राहणीमानाचा एक तृतीयांश भार सात गोष्टींत वाटला जातो. पाणी आणायला जाऊन-येऊन अर्धा तास किंवा अधिक वेळ लागला की कुटुंब त्या बाबतीत वंचित. सातपुड्यातली बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन झिऱ्यावर एकदा गेली काय आणि चारदा गेली काय, कोष्टकात खूण एकच. वंचित ठरलेल्या बाबींचे भार मिळून एक तृतीयांश भरले, की कुटुंब गरीब धरले जाते.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पटावर नाव असलेले मूल तेव्हा उसाच्या फडात असते आणि पाहणीवाल्याला घराला कुलूप दिसते. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीच्या केंद्राच्या कार्यक्रमात, आला. त्या कार्यक्रमात जिल्ह्यांची क्रमवारी वारंवार लागते, त्यामुळे महिन्या-महिन्याच्या नोंदींना फार किंमत आली. पण अंगणवाडीत वजन होते ते हजर मुलांचे. गेलेल्यांत अशक्त मुले जास्त असली, तर उरलेल्यांची टक्केवारी आपोआप बरी दिसते. सातपुड्यात होळीला माणसे पाड्यावर परततात. तेव्हा वजनकाटा पुन्हा लागतो आणि नोंदवहीत ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलांची नावे वाढलेली आढळू शकतात. त्या वाढीचे मूळ मार्चात नसून आधीच्या चार महिन्यांत, फडावरच्या कोप्यांत असते.