मुठा उजवा कालवा आणि बेबी कालवा: दोन्ही ‘कॅनॉल’, पण पाणी वेगळे

पुण्याच्या पूर्वेकडील गावांत कोणी ‘कॅनॉलचे पाणी’ म्हणाले, तर कोणत्या कॅनॉलचे, हे विचारून घ्यावे. कारण त्या भागातून दोन कालवे जातात आणि त्यांतले पाणी एक नाही.

नवा मुठा उजवा कालवा खडकवासला धरणातून निघून सुमारे 202 किलोमीटर अंतर कापत इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. त्यावर शेती भिजते, तशाच पिण्याच्या पाणीयोजनाही चालतात. बेबी कालवा हा जुना, ब्रिटिशकालीन. शहराने वापरलेले आणि प्रक्रिया करून नदीत सोडलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) उचलून त्यात टाकले जाते, आणि तेही सिंचनापुरतेच.

नुसत्या नजरेला हा फरक कळेलच असे नाही. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ येते, तर प्रक्रिया केलेले सांडपाणी कधीकधी नितळ दिसते. क्लोरीनने जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार आणि नायट्रेट जागच्या जागी राहतात. त्यामुळे ‘टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकले की झाले’ हा गावोगावचा भरवसा बेबी कालव्याच्या पाण्याला लावता येत नाही.

नव्या कालव्याला नदीचे नियम लावणेही चुकीचेच. नदीला निदान पूर येऊन पात्र धुतले जाते. कालवा मात्र आवर्तनापुरता, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडले जाते तेवढाच, वाहतो आणि मधल्या काळात त्याच्या कोरड्या पात्रात निर्माल्य, प्लास्टिक, क्वचित मेलेले जनावरही पडून राहते. पुढचे आवर्तन सुटले की हे सगळे पहिल्या लोंढ्याबरोबर पुढे सरकते, म्हणून ते पहिले पाणी गावाच्या साठवण तलावात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कालव्याचे पाणी दूषित करणे हा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 नुसार गुन्हा आहे. पण कोरड्या पात्रात कचऱ्याची पिशवी टाकणाऱ्याला आपण पाणी दूषित करतो आहोत असे वाटतच नाही.

बेबी कालव्याचा खरा धोका काठावरच्या विहिरींना आहे. कालव्याच्या पाझराने विहिरीची पातळी चढली की शेतकरी सुखावतो, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच विहिरीवरून घरात पिण्याचे पाणी जात असेल, तर नायट्रेटची तपासणी करून घ्यायलाच हवी. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेली असेल, तर पाणी उकळून उपयोग नाही. उकळताना पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते.