वीजबाजार, कार्बन आणि आपलं अंजनवेल

ग्रीन मार्केट, कार्बन ट्रेडिंग वगैरे ऐकलं की वाटतं हे दिल्लीवाल्यांचं काहीतरी, पण माझ्या मते ही गोष्ट गुहागरातनं सांगायला हवी. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीज प्रकल्पापासून. नाव दाभोळचं, दाभोळ खाडीपलीकडे दापोली तालुक्यात, आणि प्लांट अलीकडे अंजनवेलला, ते असो.

राज्य वीज मंडळाशी झालेल्या डिसेंबर 1993 च्या करारात गोम अशी होती की प्लांट तयार उभा असला की झालं, वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. आणि प्लांट सुरवातीला चालला तो नाफ्थावर, म्हणजे कच्च्या तेलापासूनच्या इंधनावर. महिनाभर गाडी भाड्याने दारात उभी करून ठेवली आणि बाजारात दोनदाच गेलात तर एक फेरी केवढ्याला पडेल? तसंच झालं, मंडळ वीज जेवढी कमी घ्यायचं तेवढं युनिट महाग. 1999 ला 740 मेगावॅटचा पहिला टप्पा चालू, 2001 ला बंद, त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीच दिवाळखोर.

मग 2003 चा वीज कायदा, 2005 ला मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे, आणि जून 2008 मध्ये वीज एक्स्चेंज. उद्याची वीज आज लिलावात. हर्णैला मासळीचा लिलाव होतो तसाच, फक्त तिथे टोपलीगणिक भाव वेगळा आणि इथे जी सगळ्यात महाग वीज शेवटी घ्यावी लागली तिचा भाव सगळ्यांना. सोलरला इंधनाचा खर्चच नाही, त्यामुळे स्वस्त आधी या रांगेत ती पुढे, दुपारी भाव पडतो आणि सूर्य बुडाला की चढतो. म्हणून 1 जून 2020 पासून दर अर्ध्या तासाला लिलाव करणारा रिअल टाइम बाजार आला, ऑगस्टात हिरव्या विजेचा वेगळा. (हिरवेपणाची सर्टिफिकेटं त्याआधीपासून विकली जातायत, 1000 युनिटला एक.)

कार्बनचं अजून अर्धवटच आहे. 2022 ला ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला, जून 2023 ला कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना निघाली (ठरल्यापेक्षा कमी धूर सोडला की क्रेडिट मिळणार, जास्त सोडला की विकत घ्यायची), पण पहिल्या यादीत सिमेंट, ॲल्युमिनियम असले कारखाने, कोळशाची वीज केंद्रं नाहीत. म्हणजे जयगडच्या कोळशावरच्या वीज केंद्राचा धूर लिलावाच्या भावात अजून धरलेलाच नाही, आणि तो धरला नाही तर रांग बदलणार कशी?

राहिली संध्याकाळ. कोयनेचं पाणी दुपारी अडवून दिवेलागणीला सोडता येतं, पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीचीच मर्यादा. म्हणून आता मोठाल्या बॅटऱ्या, आणि त्यांना पैसे कशाचे? तर तयार उभं राहण्याचे, मेगावॅटमागे महिन्याला ठरलेले. स्थिर आकारच की हा! फक्त आता रुपयात, आणि टेंडर काढून. एन्रॉनच्या वेळी टेंडर निघालंच नव्हतं.