१८३३ साली भारतातली गुलामगिरी संपली?

‘इंग्रजांनी १८३३ मध्ये कायदा करून भारतातले गुलाम मुक्त केले’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरत असतं. ते चूक आहे. त्या कायद्याच्या ६४व्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना इथे तो लागू नाही. म्हणजे आपण सरळ वगळलेले.

भारतासाठी कायदा आला तो १८४३ चा पाचवा. जेमतेम चार कलमांचा, पण पहिलं कलम वाचून थबकायला होतं: कोर्टाचा हुकूमनामा बजावताना किंवा सारावसुलीसाठी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने माणसाला ‘गुलाम’ म्हणून विकू नये. बंदी घालावी लागली, यातच सगळं आलं! मलबारात थकलेल्या साऱ्यापोटी जमिनीवरचे गुलाम खरोखरच विकले जात.

दुसऱ्या कलमाने कोर्टांना गुलामावरचा मालकी हक्क मानायला मनाई केली. त्यामुळे पळालेला गुलाम परत मिळवायला मालकाने कोर्टाची पायरी चढून उपयोग नव्हता. मात्र गुलाम बाळगणं हा गुन्हा ठरला नाही. कुणी दवंडी पिटून मुक्तीही जाहीर केली नाही. आपण मोकळे झालो, हे शेतात राबणाऱ्याला सांगणार कोण?

गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती भारतीय दंड संहितेच्या ३७० आणि ३७१ कलमांनी. ही संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. संस्थानांचे कायदे निराळे.