वणव्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

जानेवारी संपत आला की नाशिकमध्ये गच्चीवर गेलं तरी रात्री एखादा डोंगर पेटलेला दिसतोच, कधी पांडवलेणीच्या बाजूला, कधी त्र्यंबक रोडच्या रांगेत, आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरायला लागले की खाली ठरलेलं भांडण, एक म्हणतो गुराख्यांनी लावली, दुसरा म्हणतो वीकेंडला आलेल्या कॅम्पवाल्यांनी. दोन्ही खरं असू शकतं. पण आपण पहिलं नाव गुराख्याचंच का घेतो, हे बघायचं तर जरा मागे जावं लागतं, कारण ही सवय लागून दीडशे वर्षं होत आली.

इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखातं काढलं, १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला आणि १८७८ मध्ये तो चांगलाच कडक केला. त्यांना हवा होता साग, रेल्वेच्या स्लीपरसाठी नि बांधकामासाठी, आणि त्यांच्या डोक्यात जंगलातली आग म्हणजे सरकारी मालाचं नुकसान एवढंच होतं. आपल्याकडे मात्र आग हे शेतीचं अवजार होतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात आजही भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत असे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचायचे आणि पावसाआधी जाळायचे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणं, नवं गवत जोमानं यावं म्हणून जुनं पेटवणं, हेही होतंच (गवत खरंच जोमानं येतं का यावर वाद आहे, पण समज पक्का आहे). यातून कधी आग हाताबाहेर जायची, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण राबावर गदा आल्यावर ठाणे, कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) भागातून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

मग आला १९२७ चा भारतीय वन कायदा, जो दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. त्याचं कलम २६ एकदा नीट वाचा. राखीव जंगलाला आग लावणं गुन्हा, हे ठीकच, पण जंगल धोक्यात येईल अशी आग पेटती सोडून जाणं हाही गुन्हा, आणि वन अधिकाऱ्याने जाहीर केलेला हंगाम सोडून राखीव जंगलात आग पेटवणं, ठेवणं किंवा घेऊन फिरणं हासुद्धा गुन्हाच. म्हणजे "आम्ही काळजी घेतली होती हो, नंतर वारा सुटला" हे म्हणून सुटका नाही, शेकोटी पेटवली तिथेच विषय संपला. मूळ कायद्यात याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय कोर्ट ठरवेल ती जंगलाची नुकसानभरपाई वेगळी.

आता याच कलमाचा पुढचा भाग बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क वाटेल तितका काळ थांबवू शकतं. कुणी लावली हे आधी सिद्ध व्हायला हवं अशी अट त्यात नाही. आणि कलम ७९ म्हणतं की ज्यांना जंगलात असे हक्क आहेत त्यांनी आगीची खबर द्यायची आणि कुणी सांगायची वाट न बघता विझवायला धावायचं. थोडक्यात काय, आग लागली की शिक्षा गावाला, विझवायची कामगिरी पण गावालाच, आणि बाहेरून दोन दिवसांसाठी येऊन जाणारा माणूस कायदा लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर बहुतेक नव्हताच. ज्याचे तिथे काहीच हक्क नाहीत त्याचे थांबवणार तरी काय?

तिकडे अमेरिकेत मात्र हा बाहेरचा माणूस आधीपासून हजर होता. हेन्री डेव्हिड थोरो, निसर्गप्रेमी म्हणून ज्याचे दाखले दिले जातात तो, १८४४ च्या एप्रिलमध्ये मित्राबरोबर होडीतून भटकायला गेला, पकडलेले मासे शिजवायला काठावर चूल पेटवली, कोरड्या गवताने पेट घेतला आणि कॉन्कॉर्ड गावाचं सुमारे ३०० एकर जंगल गेलं. मित्र गावातल्या वजनदार वकिलाचा मुलगा, खटला काही झाला नाही. काही वर्षांनी डायरीत थोरोने जे लिहिलं त्याचा अर्थ असा की आता हे वीज पडून झाल्यासारखंच समजायचं, आपण काही वाईट केलेलं नाही. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतोय ना, आपल्याकडे त्याला "झालं चुकून" म्हणतात.

पुढे तिकडे चुकून झालं तरी हिशोब मागायला लागले. कॅलिफोर्नियात निष्काळजीपणाने आग पसरवणाऱ्याकडून विझवण्याचा खर्चही वसूल करायची कायद्यात सोय आहे. ओरेगॉनमध्ये २०१७ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने दरीत फटाका टाकला, ४८ हजार एकरांवर आग गेली, कोर्टाने भरपाई लावली ३ कोटी ६० लाख डॉलरच्या वर. एवढे पैसे तो जन्मात फेडणार नाही हे कोर्टालाही कळत होतं, म्हणून हप्ते बांधून दिले आणि अटी पाळल्या तर १० वर्षांनी थांबवायची मुभा ठेवली. पण तिथेही सगळे सापडतात असं नाही. कॅलिफोर्नियातली २०१६ ची सोबेरानेस आग बेकायदा कॅम्पफायरमधून पेटली, १ लाख ३२ हजार एकर जळालं, ५७ घरं गेली, एक बुलडोझरचालक गेला, विझवायला २० कोटी डॉलरच्या वर लागले आणि शेकोटी कुणाची होती ते आजतागायत कळलेलं नाही.

चिलीचं उदाहरण मला आपल्याला जास्त जवळचं वाटतं. तिथल्या तोरेस देल पाइने नॅशनल पार्कमध्ये २००५ मध्ये एका चेक पर्यटकाचा गॅस स्टोव्ह उलटला, साधारण १५ हजार हेक्टर जळालं आणि दंड किती, तर २०० डॉलरच्या आसपास. शेवटी झाडं लावायला चेक सरकारने मदत पाठवली. २०११ संपता संपता परत तेच, या वेळी एका पर्यटकाने वापरलेला टॉयलेट पेपर जाळला असं तपासात आलं, जवळपास १७ हजार हेक्टर गेलं, प्रकरण १० हजार डॉलरवर मिटलं आणि लोक भडकल्यावर तिथला कायदा कडक झाला. कायदा जुना, दंड तुटपुंजा, येणारे लोक नवे, आपलंही तेच आहे.

आपल्याकडे कॅम्पवाला तसा उशिराच आला. गडावर मुक्काम करणारे ट्रेकर पूर्वीपासून होते, ते चूल गुहेत नाहीतर टाक्याजवळ मांडायचे, संख्या कमी होती. गेल्या काही वर्षांत, खासकरून कोविडनंतर, वैतरणा, भंडारदरा, गंगापूर बॅकवॉटर असं पाण्याच्या कडेला तंबूंचं पीकच आलं, पॅकेजमध्ये बार्बेक्यू आणि कॅम्पफायर धरलेलाच असतो. बरेचसे कॅम्प मालकी जमिनीवर, आणि कुंपणापलीकडे लगेच वनखात्याची हद्द.

आग लागते कशी ते एकदा समजून घ्या, बहुतेक वेळा ज्वाळा उडून वगैरे लागत नाही. आपल्या डोंगरांवर पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढतं, डिसेंबरपर्यंत ते वाळून पिवळं पडतं. सकाळी चहासाठी तीन दगड मांडून चूल पेटवतात, निघताना बाटलीतलं उरलेलं पाणी ओततात, बुटाने माती लोटतात, धूर थांबला की विझली असं समजून पाठीवर सॅक. पण दगडाखाली निखारा असतो, गवताची मुळं आणि वाळलेलं शेण आतल्या आत धुमसत राहतं, दिसत काहीच नाही. अकरा-बाराला ऊन तापलं की वारा उताराने वर चढतो आणि आगही चढावर जास्त वेगाने पळते, मिनिटांत कड्यापर्यंत. तोपर्यंत ग्रुप त्र्यंबक रोडला मिसळ खात असतो, आणि त्यांना खरंच, अगदी मनापासून, वाटत असतं की आपण चूल विझवून आलो. खाली वनरक्षक आणि गावातली पोरं ओल्या फांद्या घेऊन झोडपायला पळतात, हल्ली एखादा ब्लोअर असतो, बाकी भिस्त हिवाळ्यात काढलेल्या जाळरेषांवर, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर. खात्याच्या हिशोबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्याआधी पेटलं तर तयारीही अर्धवट.

माणूस सापडला तर कलमांची कमी नाही. भारतीय न्याय संहितेचं २८७ आहे, आगीबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथे वन्यजीव कायद्याचं आगीबद्दलचं कलम ३० पण लागतं. अडतं पुराव्यावर. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या जागा राज्यांना कळवतं, पण उपग्रहाला ठिपका दिसतो, काडी कुणी ओढली ते दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे नुकसान मोजायचं कसं. आपली आग जमिनीलगतची, मोठी झाडं उभीच राहतात, जूनमध्ये परत पालवतात, मग कागदावर जळालं काय, तर गवत आणि पाचोळा. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी, सरडे, दोन-तीन वर्षं पाणी घालून जगवलेली रोपं, यांची किंमत लावायची कुणी.

तमिळनाडूत ११ मार्च २०१८ ला कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले, वीसहून जास्त जण गेले, त्यानंतर तिथे ट्रेकिंगचे वेगळे नियम आले, आयोजक आणि परवानगी यांचा प्रश्न टेबलावर आला. माझ्या मते आपल्याकडेही जबाबदारी आयोजकापासूनच सुरू व्हायला हवी. त्याच्याकडे बुकिंग आहे, प्रत्येकाचं नाव नि नंबर आहे, पैसे त्याने घेतलेत, मग तंबूंभोवतीचं गवत काढणं, पाण्याचे ड्रम भरून ठेवणं, शेवटचा माणूस गेल्यावर राखेत हात घालून बघणं हे त्याचं काम, आणि हंगामाचे चार महिने शेकोटी बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक येणार नाही ही भीती मला पटत नाही, भंडारदऱ्याला काजव्यांच्या सीझनला हेच कॅम्पवाले टॉर्चसुद्धा लावू नका म्हणून सगळ्यांना दटावत फिरतात, आणि तेव्हाच तर बुकिंग फुल्ल असतं.