टॉम विल्सची दारू तुटली तेव्हा

मॅकाडेमिया नावाचं महागडं बी आता आपल्याकडच्या सुक्या मेव्याच्या दुकानांतही दिसतं. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो जॉन मॅकॅडम मेलबर्नमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1857 मध्ये त्याचं नाव या झाडाला दिलं. पुढच्याच वर्षी, 7 ऑगस्ट 1858 ला, हे मॅकॅडमसाहेब एका फुटबॉल सामन्यात पंच म्हणून उभे होते. स्कॉच कॉलेज विरुद्ध मेलबर्न ग्रामर, दोन्हीकडे चाळीस-चाळीस खेळाडू. सामना तीन शनिवार चालला आणि तरीही 1-1 असा बरोबरीत सुटला. दुसरा पंच होता बावीस वर्षांचा टॉम विल्स.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा उगम सांगताना हे नाव टाळताच येत नाही. विल्सचा जन्म 1835 चा. व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात बापाच्या मेंढ्यांच्या कुरणावर तो वाढला, तिथल्या जाब वुरुंग या आदिवासी जमातीच्या मुलांबरोबर खेळला, त्यांची भाषा बोलायला शिकला. चौदाव्या वर्षी त्याला इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये धाडलं. तिथे तो क्रिकेट संघाचा कप्तान झाला. परत आल्यावर, जुलै 1858 मध्ये, त्याने एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटपटू नुसते बसून आळसावतात, त्यापेक्षा एक फुटबॉल क्लब काढा. मे 1859 मध्ये विल्स आणि आणखी काही जणांनी मेलबर्नच्या एका हॉटेलात बसून दहा नियम लिहिले. रग्बीत प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा होती. विल्सला ती हवी होती म्हणतात, पण बाकीच्यांनी मोडता घातला. सोमवारी कामावर जायचं असलेल्या माणसांना मोडकी नडगी परवडत नाही, हा त्यांचा हिशोब मला तरी पटतो. आदिवासींच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळाचा या नियमांवर प्रभाव होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. थेट पुरावा नाही.

1861 मध्ये बाप होरेशियोने क्वीन्सलंडमध्ये नवी जमीन घेतली आणि टॉमही मेंढ्यांच्या कळपांमागून तिकडे गेला. कलिन-ला-रिंगो हे त्या मुक्कामाचं नाव. 17 ऑक्टोबर 1861 ला दुपारी तिथल्या गायिरी या आदिवासी जमातीच्या लोकांनी तळावर हल्ला केला. होरेशियोसह एकोणीस माणसं मेली. मागे राहिलेलं सामान आणायला टॉम बाहेर गेला होता, म्हणून वाचला. त्याआधी शेजारच्या गोऱ्या कुरणवाल्याने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर गोळीबार केला होता, आणि या हत्याकांडानंतरच्या सूडात गोऱ्यांनी शेकडो गायिरी मारले. ही बाजू बरीच वर्षं कुणी फारशी सांगत नसे.

यानंतरचा टॉम वेगळा होता. झोप उडालेली, दचकून उठणं, सतत धोक्याचा वास घेत राहणं. आज डॉक्टर याला पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक विकार, म्हणतील. मेलेल्या माणसाला निदान चिकटवताना जपूनच बोलायला हवं, पण त्याचं चरित्र वर्षानुवर्षं खणून काढणारा संशोधक स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा अंदाज वाऱ्यावरचा नाही. अशा माणसाला दारू आधी उपकार करते. प्यायल्यावर लगेच डोळा लागतो. पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप दाबून टाकते आणि उतरायला लागली की दाबलेली स्वप्नं उसळतात. मग पहाटे तीनला उठून पुन्हा पेला.

तरीही 1866 मध्ये याच माणसाने, ज्याचा बाप आदिवासींच्या हातून मेला होता, व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेटपटूंना शिकवलं आणि 26 डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर त्यांचं नेतृत्व केलं. 1868 मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ याच खेळाडूंमधून उभा राहिला, मात्र कप्तान विल्स नव्हता.

पुढची वर्षं उताराची. कर्ज, घरच्यांशी तुटलेपण आणि दारू. 1880 च्या एप्रिलअखेरीस त्याची दारू अचानक तुटली.

इथे मेंदूत काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. मेंदूला शांत करणारं रसायन गाबा, आणि चेतवणारं ग्लुटामेट. दारू पहिल्याला जोर देते, दुसऱ्याला लगाम घालते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू तोल सांभाळायला उलटी तजवीज करतो: गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावते आणि ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी यंत्रणा वाढते. म्हणजे ब्रेक झिजवून ॲक्सिलरेटर दाबून ठेवलेली गाडी, फक्त दारू तिला मागून धरून असते. ती एकदम काढली की गाडी सुसाट सुटते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स गाठतो: ताप, धडधड, अंगावर किडे चालल्याचा भास, कुणीतरी मारायला आलंय अशी खात्री. त्या वेळी माणूस खोटं बोलत नसतो की नाटक करत नसतो. त्याला ते खरंच दिसत असतं.

1 मेला त्याच्या जोडीदारणीने, सारा बार्बरने, काहीतरी विपरीत घडेल या भीतीने त्याला मेलबर्न हॉस्पिटलात नेलं. तिथून तो पळाला. दुसऱ्या दिवशी मेलबर्नजवळच्या हायडलबर्गमधल्या घरी, भ्रमाच्या भरात, त्याने स्वतःचा जीव घेतला. वय 44.

हॉस्पिटलाने तरी काय केलं असतं? बांधून ठेवणं, झोपेचं काहीतरी पाजणं, वाट बघणं. गाबाच्याच यंत्रणेवर काम करणारं क्लोरडायझेपॉक्साइड 1960 च्या सुमारास आलं. दारू ओढून घेतली की त्या जागी हे औषध द्यायचं आणि मग दिवसागणिक मात्रा उतरवायची, सोबत थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व. उपचाराविना एके काळी डेलिरियम ट्रेमेन्समध्ये तिघांतला एक दगावत असे. आज हे प्रमाण वीसात एकाहून कमी आहे.

मात्र त्यासाठी डॉक्टरला आधी कळायला हवं. मोडलेल्या पायाच्या ऑपरेशनसाठी भरती झालेला, रोज पिणारा माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपटून ओरडू लागला, की घरचे भूल डोक्यात गेली म्हणतात, कुणी बाहेरची बाधा म्हणतं. रोज किती पितो आणि शेवटचा घोट कधी घेतला, हे भरतीच्या वेळीच सांगितलं तर औषध पहिल्या दिवशीच सुरू होतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने सोडायचं ठरवलं, तर घरच्या घरी एका झटक्यात सोडू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.